सत्तर मिनिटांचा हंगाम

फुटबॉलवर बोलायचं आहे असं घरी सांगितलं, तेव्हा पहिला प्रश्न आला, "आपल्या खानदेशात खेळतात का फुटबॉल?" विचारणारी व्यक्ती तीस वर्षं माझ्याबरोबर संसार करते आहे आणि माझ्या पांढऱ्या मोज्यांवरचे काळ्या मातीचे डाग तिनेच काढले आहेत. तिलाही असा प्रश्न पडत असेल, तर दोष तिचा नाही. आमचा फुटबॉल कुणाच्या लक्षात यायच्या आतच संपतो.

जळगावच्या एका महाविद्यालयात मी शारीरिक शिक्षण संचालक होतो. पदाचं नाव भारदस्त आहे, पण मुलं आम्हाला 'जिमखान्याचे सर' म्हणतात आणि ते जास्त खरं आहे. कपाटाची किल्ली, चुन्याची पोती, हवा भरायचा पंप आणि पात्रता अर्जांचा गठ्ठा एवढं आमचं राज्य. या राज्यातल्या एका हंगामाबद्दल मला आज सांगायचं आहे. साल २००६.

आधी थोडा हिशेब सांगतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक वेळा बाद पद्धतीनं होतात. हरला तो घरी. समजा सोळा संघ आले, तर एकूण सामने होतात पंधरा. पहिल्या फेरीनंतर आठ संघ परत निघतात, म्हणजे निम्म्या मुलांच्या वाट्याला वर्षाला एकच सामना येतो. एका मैदानावर एका दिवसात चार-चार सामने उरकायचे असल्यामुळे नव्वद मिनिटांचा खेळ आमच्याकडे पस्तीस-पस्तीस मिनिटांचा व्हायचा. जुलैपासून पहाटे उठून धावलेल्या मुलाचा सगळा हंगाम सत्तर मिनिटांत आटोपायचा. त्यातही समोरचा संघ आलाच नाही, तर 'पुढे चाल'. कागदावर तो विजय असतो, मुलाच्या पायाला मात्र चेंडू लागलेला नसतो.

२००६ च्या जून-जुलैत जर्मनीत विश्वचषक झाला. त्या वर्षी आपल्याकडे भारनियमन जोरात होतं. संध्याकाळी साडेसहाचा सामना विजेअभावी बुडायचा, पण रात्री साडेबाराचा पाहायला मिळायचा. त्यामुळे जळगावातल्या पोरांनी त्या महिन्यात निम्मा युरोप रात्री जागून पाहिला. ९ जुलैच्या अंतिम सामन्यात झिदाननं डोकं मारलं आणि लाल कार्ड घेऊन तो करंडकाच्या शेजारून बाहेर गेला. त्यानंतर काही दिवसांनी मी फुटबॉलची निवड चाचणी लावली, तर मैदानावर एक्केचाळीस मुलं हजर. मी नोकरीत असताना एवढी गर्दी कधी पाहिली नव्हती. रोनाल्डिन्योच्या नावाचे बनियनसारखे टी-शर्ट घातलेली सहा-सात होती. त्याच वर्षी मुंबईच्या महिंद्र युनायटेडनं राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती. ते मी सांगितलं तर एक जण म्हणाला, "सर, ती जीपवाली कंपनी ना?"

एक्केचाळीसची चौदा व्हायला पाच आठवडे लागले. पहिली गळती चिखलानं केली. आमचं मैदान काळ्या मातीचं. ही माती कापसाला उत्तम, केळीला त्याहून उत्तम, पण पावसाळ्यात तिच्यावर फुटबॉल खेळणं म्हणजे दोन्ही पायांना वजनं बांधून धावणं. चार पावलं टाकली की बुटाखाली गारा चिकटतो आणि मुलगा दोन बोटं उंच होतो. त्या ऑगस्टात तर तापीला मोठा पूर आला, खाली सुरत पाण्यात गेली. आठ-दहा दिवस आम्ही जिमखान्याच्या ओट्यावर भिंतीवर चेंडू मारत काढले.

दुसरी गळती चिकुनगुनियानं केली. हा आजार महाराष्ट्राला अगदीच नवा नव्हता. १९७३ मध्ये बार्शीला त्याची साथ येऊन गेली होती. मग जवळजवळ तीस वर्षं तो दिसला नाही आणि २००६ मध्ये घराघरात शिरला. दिवसा चावणारा डास, दोन-चार दिवसांचा ताप, आणि ताप गेल्यावर महिनोन् महिने धरून राहणारे सांधे. या नावाचा आफ्रिकेतल्या मूळ भाषेतला अर्थ 'वाकवणारा' असा आहे म्हणतात. विशीतली मुलं कठड्याला धरून जिना उतरताना पाहिली, तेव्हा तो अर्थ मला कळला. आमच्या संघातली पाच मुलं आजारी पडली. त्यांत आमचा गोलकीपर होता. सकाळी त्याच्या मुठी वळायच्या नाहीत. तो कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसायचा आणि मग सरावाला यायचा.

आता ज्या मुलासाठी ही सगळी गोष्ट सांगतो आहे, त्याच्याकडे येतो. त्याचं नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. एरंडोलकडच्या एका खेड्यातला, बी. ए. च्या शेवटच्या वर्षाचा, डाव्या पायानं खेळणारा. डावखुरा खेळाडू आमच्याकडे दुर्मीळ, म्हणून पहिल्या वर्षीच मी त्याला घेतलं होतं. रोज पहाटेच्या एस. टी. नं पासवर यायचा आणि तास संपले की परत. पहिल्या वर्षी तो राखीव खेळाडूंत बसला, आम्ही हरलो. दुसऱ्या वर्षी पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली, दुसऱ्या फेरीत हरलो. म्हणजे दोन वर्षांत त्याच्या नावावर एकच सामना, सत्तर मिनिटं. तिसरं वर्ष शेवटचं. या वेळी त्यानं स्वतःचे पैसे साठवून बूट घेतले. आधीची दोन वर्षं जिमखान्याच्या कपाटातल्या जोडीत कापूस कोंबून तो खेळत होता. कापूस घरचाच.

सप्टेंबरात आमचा सामना झाला. सकाळचा होता. गोलकीपरच्या मुठी अजून सैल झाल्या नव्हत्या. दुसऱ्याला उभं करतो म्हटलं, तर तो म्हणाला, "सर, अडवता येईल, धरता येणार नाही." सत्तर मिनिटं त्यानं खरंच तळहातांनी, छातीनं, गुडघ्यानं अडवलं. ०-०. मग टायब्रेकर. अकरा मीटरवरून येणारा चेंडू बोटं न उघडणाऱ्या हातांनी अडवणं कठीणच. आम्ही ४-३ नं हरलो. आमच्या डावखुऱ्यानं त्याची पेनल्टी नीट मारली होती, पण टायब्रेकरचा गोल खेळाडूच्या खात्यात धरत नाहीत. तीन वर्षांत दोन सामने, दोन तास वीस मिनिटं, गोल शून्य. एखादा हिंदी सिनेमासुद्धा याहून जास्त वेळ चालतो.

परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. बसस्टँडवर उतरताना त्यानं मला विचारलं, "सर, आता बूट जमा करायचे का?" सवयीनं विचारलं असावं. बूट त्याचेच होते.

इथे थोडं मागे जावं लागेल. जळगावचं मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचं प्रताप महाविद्यालय, दोन्ही १९४५ ची. तेव्हा विद्यापीठ मुंबईचं. १९४९ पासून आपण पुणे विद्यापीठाखाली आलो आणि १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. पुणे विद्यापीठाच्या काळात आपल्याकडच्या मुलाला विद्यापीठाच्या संघात शिरायचं, तर पुणे, नगर, नाशिकच्या मुलांशी स्पर्धा असायची. १९९० नंतर आपला स्वतंत्र संघ झाला. जळगाव, धुळे आणि पुढे १९९८ मध्ये वेगळा झालेला नंदुरबार, या पट्ट्यातली मुलं थेट पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाऊ लागली. हा फायदा लहान नाही. पण तिथे समोर उभे राहतात गोव्याचे आणि मुंबईचे. गोव्याचा मुलगा गावाच्या क्लबाकडून लहानपणापासून सामने खेळत आलेला असतो. आमचा मुलगा तेवढाच धावतो, कधी कधी जास्तच धावतो, पण कोपऱ्यात दोघांनी घेरल्यावर काय करायचं हे त्याला ठाऊक नसतं, कारण त्याला तसं कुणी फारसं घेरलेलंच नसतं. सरावात आम्ही एकमेकांशी खेळतो आणि एकमेकांच्या खोडी पाठ झालेल्या असतात.

हरल्यावर चार दिवसांनी मी धुळ्याच्या एका महाविद्यालयातल्या सरांना फोन केला. ते माझ्याहून वयानं मोठे, पक्के अहिराणी माणूस. त्यांचाही संघ पहिल्याच फेरीत गेला होता. मी म्हटलं, "सर, एक मैत्रीचा सामना घेऊ या का?" पलीकडून उत्तर आलं, "आमना पोरे बी घर बठेल शेतस. लई या धुयाले." एवढ्यावर ठरलं. पत्र नाही, परिपत्रक नाही. त्यामुळे अर्थातच प्रवासखर्चही नाही.

दसरा झाल्यावरचा रविवार, ८ ऑक्टोबर. एका खेळाडूच्या मामाची ट्रॅक्स होती. मामांनी फक्त डिझेल घ्यायचं कबूल केलं. तेरा जणांच्या गाडीत आम्ही सोळा. जळगाव ते धुळे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे ही गावं खानदेशी माणसाला पाठ असतात, आणि त्या काळात खड्डेही पाठ असायचे. एरंडोलला आमचा डावखुरा गाडीत चढला. त्यानं फडक्यात बांधून कळण्याच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला होता. मी रागावलो, कारण सामन्याआधी ठेचा खाऊ नये असं मी दरवर्षी सांगतो. मग मीही खाल्ला.

रमजान चालू होता. आमचा मधला हाफ आणि ट्रॅक्स चालवणारे मामा, दोघांचे रोजे होते. मी त्याला म्हटलं, आज बस, उन्हाचं खेळू नको. ऑक्टोबरचं ऊन खानदेशात काय असतं ते सांगायला नको. तो म्हणाला, "सर, रोजा घरी पण असतोच. सामना घरी नसतो." मी गप्प बसलो.

धुळ्याचं ते मैदान मुरमाड होतं. आमच्या मुलांना काळ्या मातीत चेंडू मेल्यासारखा पडायची सवय, इथे तो सशासारखा उसळत होता. पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल खाल्ले. बाजूला त्यांच्या वसतिगृहातली मुलं बसली होती, ती आपल्या संघाला ओरडत होती, "पय रे, पय!" आणि आमच्यातलं कुणी पडलं की त्यालाही तेच ओरडत होती. या वेळी आम्ही पूर्ण नव्वद मिनिटं खेळलो. शिट्टी धुळ्याच्या सरांकडे, सीमारेषेवरचं निशाण माझ्याकडे. शेवटी ३-० नं हरलो. पण दुसऱ्या अर्ध्यात एक गोष्ट घडली, जी मी पाच आठवड्यांच्या सरावात शिकवू शकलो नव्हतो. आमचे बचावपटू एकमेकांशी बोलू लागले. 'मागे आहे', 'सोड', 'माझा' असे साधे शब्द. अनोळखी माणसं अंगावर येत असल्याशिवाय ते तोंडातून निघत नाहीत.

साडेपाचच्या पुढे निघालो. मुकटीच्या अलीकडे मामांनी गाडी कडेला घेतली. सूर्य मावळत होता. मामांनी डॅशबोर्डमधून खजुराची पुडी काढली, आमच्या हाफनं पाण्याची बाटली. धुळ्याच्या सरांनी निघताना एक डझन केळी दिली होती. जळगावच्या माणसाला धुळ्याहून केळी, यावरून आम्ही त्यांची चेष्टा केली होती, ती आता कामी आली. सोळा जण रस्त्याच्या कडेला उभे राहून खात होते. गुडघे सगळ्यांचेच सोललेले.

गाडीत मागून एक आवाज आला, "सर, ते आपल्याकडे कधी येणार?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. हरलेला खेळाडू पुन्हा कधी खेळायचं ते विचारतो, तेव्हाच तो खेळाडू व्हायला लागतो. कोल्हापुरात फुटबॉल का टिकला, याचं उत्तर लोक तिथल्या रांगड्या स्वभावात शोधतात. मला ते साध्या गोष्टीत दिसतं. पाटाकडील तालीम असो की शिवाजी तरुण मंडळ, तिथला संघ पेठेचा आणि तालमीचा असतो. या रविवारी शाहू स्टेडियमवर हरला, तरी साखळीतला पुढचा सामना ठरलेला असतो, आणि पेठेतले लोक आठवडाभर त्याला ते विसरू देत नाहीत. कॉलेजचा संघ हे तीन वर्षांचं पीक. मार्चमध्ये कापणी झाली की शेत मोकळं. आमच्या खानदेशात भुसावळला रेल्वेमुळे मैदान आणि खेळणारी वस्ती होती, म्हणून तिथली पोरं कॉलेजात येतानाच चेंडू ओळखत यायची. बाकी गावांतल्या मुलाला फुटबॉल प्रथम कॉलेजात भेटतो, आणि भेट सत्तर मिनिटांची.

पुढे २०१७ मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबईतही सामने झाले. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्य सरकारनं 'मिशन वन मिलियन' केलं. दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा अशी कल्पना, त्यासाठी शाळांना चेंडूही दिले. मला मनापासून आनंद झाला. पण खेळायचा दिवस पुन्हा एकच.

विद्यापीठांना किंवा महाविद्यालयांना नुसता दोष देणं सोपं आहे. मी त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. आपल्या विद्यापीठाचा पसारा नवापूरपासून मुक्ताईनगरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास. संघ दोन दिवस मुक्कामाला ठेवायचा म्हणजे भत्ता, जेवण, पंच, मैदान, आणि बुडालेल्या तासांबद्दल प्राचार्यांचा प्रश्न. पण चार-चार संघांचे गट केले आणि एका मैदानावर गटाचे सहा सामने दोन दिवसांत घेतले, तर प्रत्येक संघ तीनदा खेळतो. तेही परवडत नसेल, तर पहिल्या फेरीत हरलेल्या दोन संघांना त्याच दुपारी त्याच मैदानावर एकमेकांशी खेळवा. मुलं आलेली असतात, चुना मारलेला असतो, पंच हजर असतात. हरलेल्यांच्या सामन्याला प्रमाणपत्र नसलं तरी चालेल, चेंडू मात्र लागतो.

परतीचा सामना दिवाळीनंतर, नोव्हेंबरातल्या एका रविवारी झाला. धुळ्याची मुलं एस. टी. नं आली. तो कापूस वेचणीचा काळ. आमचा डावखुरा येईल याची मला खात्री नव्हती, कारण घरात माणसं कमी आणि बोंडं फुटलेली. सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि तो मैदानाच्या कडेला बूट बांधताना दिसला. बोटांना बोंडांचे ओरखडे होते. सकाळी दोन ओळी वेचून आला होता.

मध्यंतरापर्यंत १-१. मग त्यांनी एक केला. गोलकीपरच्या मुठी आता वळत होत्या, पण तो चेंडू कुणालाच धरता आला नसता. शेवटची दहा मिनिटं राहिली असतील. उजवीकडून चेंडू आला, त्यांचा गोलकीपर पुढे धावला आणि चुकला. आमचा डावखुरा डाव्या पायानं मारायला गेला, पाय हुकला आणि चेंडू त्याच्या उजव्या गुडघ्याला लागून आत गेला. २-२. टीव्हीवर गोल झाल्यावर लोक काय काय करतात, ते सगळं त्या पोरानं विश्वचषकात महिनाभर पाहिलं होतं. त्यातलं त्यानं काहीच केलं नाही. तासाला उशीर झालेल्या मुलासारखा तो खाली मान घालून धावत आपल्या जागेवर गेला. बाकीच्यांनी त्याला तिथे जाऊन गाठलं.

त्या वर्षीच्या महाविद्यालयाच्या अहवालात ओळ आली, 'फुटबॉल : पहिल्या फेरीत पराभूत'. ती मीच लिहून दिली होती, कारण नियमाप्रमाणे तेच खरं होतं. माझ्या स्वतःच्या वहीत मात्र तीन सामने आहेत, तारखा आणि गोल करणाऱ्यांच्या नावांसह. तो मुलगा आता शेती करतो. मधे एकदा बाजार समितीत भेटला. अंग सुटलं आहे. मी वहीचा विषय काढला तर म्हणाला, "गुडघ्याचा लिहिला आहे का, सर, की नुसताच गोल?" मी म्हटलं, नुसताच. "मग ठीक आहे," म्हणाला.

२००७ च्या जूनमध्ये कॉलेज उघडायच्या आधीच धुळ्याहून फोन आला. त्यांना तारीख हवी होती. मी म्हटलं, "सर, या वेळी आधी तुम्ही या. मामांनी डिझेलबरोबर टायरचेही पैसे मागितले आहेत."